दुसरा माईक

कुस्तीच्या मैदानात दोन माईक असतात. पहिला माईक ज्याच्या हातात, तो खरा निवेदक. तो मल्लाचं गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्ताद सांगतो, आज्यानं कुठल्या जत्रेत कुणाला आस्मान दाखवलं तेही सांगतो, आणि मोठी कुस्ती लागली की नुसत्या आवाजावर चार-पाच हजार माणसं खिळवून ठेवतो. दुसरा माईक ज्याच्या हातात, तो उरलेलं सांगतो. कुणाची चप्पल सापडली, वाटेत लावलेली मोटरसायकल काढा, हलगीवाल्यांनी चहा घेऊन जावा. इस्लामपूरपासून कोरेगावपर्यंतच्या जत्रांत तीस वर्षं पहिला माईक सुभेदाराचा होता आणि दुसरा माझा.

सुभेदार माझा बालमित्र, म्हणून एकेरीत लिहितो. फौजेतून सुटून आला तेव्हा त्याच्याकडे एक लोखंडी ट्रंक, एक भारी आवाज आणि कुणाचंही न ऐकायची सवय एवढं होतं. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. आमची घरं एका गल्लीत, समोरासमोर. मी त्याला सुभेदार म्हणतो, तो मला मास्तर म्हणतो. आईबापांनी ठेवलेली नावं आम्ही दोघंही विसरल्यात जमा.

एका आषाढात सुभेदार गोठ्यात वैरण टाकताना पडला. सांगलीच्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून घरी आणला तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजवा हात खांद्यातून उचलत नव्हता आणि बोलणं गेलं होतं. कळत सगळं होतं. ऊसतोडीच्या मुकादमानं काही खोटं सांगितलं तर डोळे वटारायचा. पण चहा पाहिजे म्हणायला गेला की तोंडातून नुसतं 'अं, अं' यायचं आणि मग तो डाव्या मुठीनं स्वतःच्या मांडीवर मारायचा. तीस वर्षं ज्याच्या आवाजानं स्पीकरचे कर्णे फाटले, त्याला चहा मागता येईना. मला ते बघवत नव्हतं. आणि खरं लिहायचं तर त्याच वेळी मनात एक किडा वळवळला होता, की आता पहिला माईक आपल्याकडे येणार. या गोष्टीची मला लाज वाटते, पण ती आली होती मनात.

सांगलीत वाचा सुधारणाऱ्या एक बाई होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, दरारा मात्र हेडमास्तरांचा. त्या म्हणाल्या, "शब्द सगळे आत आहेत. बाहेर यायला त्यांना वेळ लागतोय. अडला तर तुम्ही शब्द पुरवायचा नाही. मनात वीस मोजायचे."

मी म्हटलं, "वीस? बाई, वीस आकड्यांत एक कुस्ती निकाली होते."

"होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता निवेदकाला हे सांगणं म्हणजे काय ते ज्यानं माईक धरलाय त्यालाच कळेल. मैदानात चार सेकंद आवाज थांबला की लोकांना वाटतं लाईट गेली. मागची माणसं शिट्ट्या मारतात. त्यामुळे गप्प राहण्याची आम्हाला भीतीच बसलेली असते. घरी जेवतानासुद्धा मी भाजीचं निवेदन करतो असं आमची मंडळी म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही.

आधी आम्ही फोनवर कुस्त्या लावून बघितल्या. वाटलं, त्याच्या आवडीचं आहे, तोंड उघडेल. सुभेदारानं दोन मिनिटं बघितलं आणि फोन पालथा घातला. त्याला पडद्यावरच्या प्रत्येक मल्लाचा बाप ठाऊक होता, आजा ठाऊक होता, आणि जिभेवर एक नाव येईना. ज्या गोष्टीत माणूस पटाईत, तिथंच अडखळायचं हे त्याला सोसलं नाही. त्यानंतर कुस्तीचा विषय काढला की तो भिंतीकडे तोंड करून निजायचा.

मार्ग काढला त्याच्या सुनेनं. बारावी शिकलेली पोर, पण जे बाईंना सुचलं नाही ते तिला सुचलं. ट्रंकेत तिला सुभेदाराचा जुना फोटो सापडला, अर्ध्या चड्डीत, पायाखाली फुटबॉल.

"गुरुजी," ती मला म्हणाली, "मामा फौजेत फुटबॉल खेळायचे. त्योच लावू की. इंग्लंडचा नगं, त्यो गल्लीत निम्म्यांना ठाऊक हाय, येता-जाता चुका काढत्यात. मी पोर्तुगालचा हुडकलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी मॅच बघाय मिळती, फुकट. हितं कुणालाबी त्यातलं काय ठाऊक न्हाई. चुकलं तरी चुकलं म्हणणार कोण?"

पोर्तुगाल म्हटल्यावर मला इतिहासाच्या पुस्तकातला गोव्याचा धडा आठवला. त्यापलीकडे त्या देशाशी माझी ओळख नव्हती. पण रविवारी सकाळी आठला आम्ही त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलो. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यांचा निवेदक त्यांच्या भाषेत बोलत होता आणि तो गडी श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. मला तो जातभाई वाटला. मग सूनबाईनं आवाज बंद केला आणि म्हणाली, "आता तुमी सांगा."

पहिल्याच सामन्यात राजधानीतल्या एका गडगंज संघानं विटकरी शर्ट घातलेल्या एका संघाला धुऊन काढलं. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचं कुठलं तरी बारकं गाव, मासेमारीचं, एवढं सूनबाईनं वाचून सांगितलं. शेवटचा गोल बसला तेव्हा सामना हातचा गेलेलाच होता, तरी त्यांचा एक गडी पळत जाऊन जाळ्यातून बॉल काढून आणत होता. सुभेदारानं त्याच्याकडे डावं बोट दाखवलं.

"हे आपले?" मी विचारलं. त्यानं मान डोलवली. वर्षभराचा निकाल तिथंच लागला म्हणायचा.

खेळाडूंची नावं काही आमच्या जिभेला वळेनात. कुस्तीत मल्ल गावानं ओळखतात, म्हणून आम्ही त्यांना गावं वाटली. गोलकीपर कमरेवर हात ठेवून दुकानापुढं उभ्या असलेल्या व्यापाऱ्यासारखा दिसायचा, तो कोरेगावकर. उजव्या कडेनं पळणारा इस्लामपूरकर. मागं एक उंच ताडमाड गडी होता, डोकं कायम ढगात आणि ऐन गरजेला दिसेनासा होणारा, तो महाबळेश्वरकर. काळा कोट घालून कडेला ओरडणारा माणूस म्हणजे अर्थातच वस्ताद. पुढच्या चार रविवारांत मी त्यांचं सगळं घराणं उभं केलं. कोरेगावकराचा आजा घेवड्याचा अडत्या होता इथपर्यंत माझी मजल गेली, आणि सुभेदार पहिल्यांदा हसला. वाकड्या ओठानं हसला, पण हसला.

मग सूनबाईनं स्पीकरवाल्याकडून एक मेलेला माईक मागून आणला आणि सासऱ्याच्या डाव्या हातात दिला. तिची ही युक्तीसुद्धा अजब लागू पडली. माईक हातात येताच सुभेदार ताठ बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मं...डळी." घरात त्याला मीठ मागता येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं, पण माईकावरचं 'मंडळी' शाबूत होतं. बाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी, सवयीचं आधी परत येतं.

दिवाळी झाली, तोडी सुरू झाल्या, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायला लागले. अशाच एका रविवारी विटकऱ्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा गडी कोपऱ्यात बॉल ठेवून मागं सरला आणि मी पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुभेदार म्हणाला, "थांबा. बॉल येतोय."

सगळं वाक्य. न अडता. सूनबाई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी रडलो, लपवत नाही. बॉल आला तो थेट महाबळेश्वरकराच्या डोक्यावरून बाहेर गेला, पण त्याचं कुणाला काय.

त्यानंतर गाडी हळूहळू रुळावर आली. सुभेदार दोन मिनिटं बोलायचा, अडायचा, मी पुढं न्यायचो. आणि इथंच माझी खोड नडली. तो अडला की मला राहवायचंच नाही. पाच मोजायच्या आत मी शब्द टाकायचो. तो 'गो...' म्हणाला की मी 'गोलकीपर' म्हणून मोकळा. सूनबाईनं दोन-तीनदा डोळे वटारले. मग एका रविवारी तिनं माझ्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला.

"गुरुजी, मामा बोलत असले की ह्यो तोंडात धरायचा. इरघळंपत्तर बोलायचं न्हाई. आन् चावायचा न्हाई."

चाळीस वर्षं पोरांच्या तोंडावर बोट ठेवायला लावणारा मी मास्तर, मला ही शिक्षा. पण लागू पडली, बऱ्यापैकी. कधी कधी मी खडा कडाकडा चावून टाकायचो, ते वेगळं.

फाल्गुनात जत्रा कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडे आले. आमच्या गावची जत्रा वैशाखाच्या शेवटी. म्हणाले, "मास्तर, यंदा पहिला माईक तुमीच धरा. सुभेदाराला आता झेपायचं न्हाई."

मी 'बघू' म्हणालो. 'नाही' म्हणालो नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण मला आनंद झाला होता. तीस वर्षं चपला आणि मोटरसायकली सांगितल्यावर माणसाला एकदा तरी मोठी कुस्ती सांगावीशी वाटते, यात काही पाप नाही अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण मग मला आठवायला लागलं की मी सुभेदाराला शब्द किती घाईनं देतो. तो शब्द मी त्याच्या मदतीला देत होतो की त्याच्या तोंडातून काढून घेत होतो? मला तेव्हा कळलं नाही. आजही पुरतं कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी सुभेदाराला अध्यक्षांचं बोलणं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग बराच वेळ घेऊन एकेक शब्द काढत म्हणाला, "शेवटची... मॅच. आख्खी. मी... एकटा. जमलं तर... माईक माझा. न्हाई तर... तुजा."

सरळ व्यवहार होता. मी हो म्हटलं, अध्यक्षांनाही कळवलं. एवढंच करून थांबलो असतो तर बरं. पण शेवटचा सामना म्हणजे अजिंक्यपदाचा, हे मी गृहीतच धरलं होतं. आमच्याकडे मैदानात बारक्या कुस्त्या आधी आणि मानाची एक नंबरची कुस्ती सगळ्यांत शेवटी. साऱ्या जगात तसंच असणार. वैशाख लागल्यावर मी गल्लीभर सांगितलं की पोर्तुगालची मानाची कुस्ती येत्या रविवारी सकाळी आठला सुभेदाराच्या सोप्यात. अध्यक्ष इस्त्रीची टोपी घालून आले. सहा-सात जाणती माणसं सतरंजीवर बसली. तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "आवं गुरुजी, त्यो पयला नंबर दोन आठवड्यामागंच ठरलाय. गुण मोजत्यात तितं."

"मग आता कशाला खेळत्यात?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपलं विटकरी हरलं तर पुढल्या साली खालच्या गटात जात्यात. बरोबरी झाली तरी वाचत्यात."

माझी चांगलीच फजिती झाली. पण सुभेदार माईक डाव्या हातात घट्ट धरून बसला होता, आणि त्याचा चेहरा बघितल्यावर मला कळलं की त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. त्याला अजिंक्यपदाशी कर्तव्य नव्हतंच.

तो बोलला. देवाशपथ सांगतो, चांगला बोलला. अडत होता, पण अडल्यावर थांबत होता आणि शब्द आल्यावर पुढं जात होता. मी खडीसाखर जिभेखाली धरून भिंतीला टेकून बसलो होतो. अध्यक्ष टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत होते. नव्वद मिनिटं होत आली तरी गोल नव्हता. आणि अगदी शेवटी महाबळेश्वरकराच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला. शिट्टी झाली. तो उंच गडी गवतात बसला आणि त्यानं शर्ट तोंडावर ओढून घेतला.

निवेदकाची खरी परीक्षा असते ती इथं. जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, त्याला माईकाची गरज नसते. हरलेला मातीत एकटा असतो. सुभेदार तीस वर्षं त्याच्याकडे वळायचा, त्याचं नाव, गाव, तालीम मानानं सांगायचा आणि एक ठरलेलं वाक्य म्हणायचा. आमच्या भागातले कित्येक मल्ल त्या वाक्यासाठी त्याच्या पाया पडायला यायचे.

"मंडळी," सुभेदार म्हणाला, "हा... हा मल्ल..."

आणि अडला. मी मोजायला लागलो. तीन, चार. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. सहा, सात. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. सुभेदाराच्या कपाळावर घाम आला होता. मी खडा चावला आणि त्याचं ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून टाकलं, "आज पाठ लागली आहे, पण पुढच्या जत्रेला हाच गडी पुन्हा उभा राहील. त्याच्यासाठी टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. सुभेदारानं माईक सतरंजीवर ठेवला, भिंतीला धरून उठला आणि पाय ओढत आत गेला.

"तुमीच धरा आता, मास्तर," अध्यक्ष म्हणाले.

माणसं गेल्यावर सूनबाई चहाचे कप गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजी, नऊच झालं हुतं. मी मोजत हुते."

चार दिवस मी त्या घरी गेलो नाही. समोरच्या दारात सुभेदार दिसायचा आणि मी पेपर वर धरायचो. मला माझाच राग आला होता. एवढ्या मोठ्या हंगामात त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, थांबायची, आणि मला ती देता आली नव्हती. बरं, शब्द द्यायचाच होता तर एखादा द्यायचा. मी त्याचं अख्खं वाक्यच पळवलं, तेही चार माणसांत, टाळ्या घेऊन.

पाचव्या दिवशी मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं की पहिला माईक सुभेदारच धरेल.

"आन् अडलं तर?"

"अडलं तर अडलं."

"मास्तर, पाच हजार मानूस आसतंय."

"असू द्या," मी म्हणालो. मग समोरच्या घरी गेलो. सुभेदार खाटेवर बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं. तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं शब्द अडलाय, पण तो नुसता बघत होता. मग म्हणाला, "मधी... पडायचं न्हाई."

"न्हाई पडत," मी म्हटलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी चारला हलगी वाजायला लागली. सूनबाईनं सासऱ्याला फेटा बांधून दिला आणि वाटेत माझ्या खिशात खडीसाखरेची पुडी कोंबली. सुभेदार खुर्चीवर बसून बोलत होता. बारक्या कुस्त्या पार पडल्या. काही नावं चुकली, लोकांनी दुरुस्त केली, तो मान डोलवून पुढं गेला. मी आपला चपला आणि मोटरसायकली सांगत होतो.

एक नंबरची कुस्ती दिवस कलायच्या बेताला लागली आणि फार वेळ चालली नाही. पट काढता काढता गडी खाली गेला आणि चितपट झाला. लोक आत घुसले, जिंकलेल्याला उचलून घेऊन गेले. हरलेला पोरगा लाल मातीत गुडघ्यावर बसून राहिला. सुभेदार खुर्ची धरून उठला.

"मंडळी," तो म्हणाला, "हा मल्ल..."

आणि अडला.

मी खडा तोंडात टाकला आणि दुसऱ्या माईकाचं बटण बंद केलं. पाच. दहा. त्या पोराचं नाव मला ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं, बाप माझ्या शाळेत शिकलेला. सगळं जिभेच्या टोकावर. मागून कुणी तरी म्हणालं, "लाईट गेली का रं?" पंधरा. हलगी थांबली. अध्यक्ष मला खुणा करायला लागले, बोला की, बोला की. मी त्यांच्याकडे पाठ केली. वीस झाले, पंचवीस झाले. मी खाली मातीत बसलो.

तेव्हा सुभेदारानं उजवा हात उचलला. जो हात आषाढापासून खांद्यातून वर आला नव्हता, तो छातीपर्यंत आला.

"थांबा," तो म्हणाला. "शब्द येतोय."

आणि मैदान थांबलं. एक शिट्टी नाही, एक हाक नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, मी मोजायचं सोडून दिलं होतं. तोंडातला खडा पार विरघळून गेला. मग शब्द आला. आधी गाव आलं, मग तालीम, मग बापाचं नाव आणि शेवटी त्या पोराचं. पोरानं मान वर केली. ते ठरलेलं वाक्य मात्र आलं नाही. सुभेदारानं ते शोधलंही नाही. माईकावर तो कायम पुस्तकी बोलायचा, त्या दिवशी पहिल्यांदा घरातलं बोलला.

"पोरा, पुढल्या जत्रंला ये. मी हाय."

टाळ्या थांबेनात. सुभेदार खुर्चीत बसला आणि माझ्याकडे वळून त्यानं भुवई उडवली, म्हणजे आता तुझं चालू कर. मी डोळे पुसले, दुसऱ्या माईकाचं बटण लावलं आणि पाण्याच्या टाकीजवळ एक डाव्या पायाची चप्पल सापडली आहे, ज्याची असेल त्यानं घेऊन जावी, असं सांगितलं.